स्ट्रिंगचा अ‍ॅरे: तीन शिरूर आणि न लिहिलेला करार

पायथॉनमधून सीच्या लायब्ररीला आकड्यांचा अ‍ॅरे द्यायचा तर फार डोकं लावावं लागत नाही. पहिल्या आकड्याचा पत्ता द्या, एकूण किती ते सांगा, झालं. प्रत्येक आकडा सारख्याच जागेचा. पण शिरूर-दौंडच्या गावांची यादी द्यायला जा, मग गंमत सुरू होते. यूटीएफ-८ मध्ये ‘यवत’ ९ बाइटचं, ‘दौंड’ १२ चं, ‘शिरूर’ १५ चं आणि ‘तळेगाव ढमढेरे’ ३७ चं.

यावर सगळ्यात जुना उपाय म्हणजे प्रत्येक नावाला ठरावीक जागा. फोर्ट्रानची ही सवय, नम्पायचा ‘एस’ प्रकारही तसाच. समजा, सीच्या बाजूला १६ बाइटचा खण आहे आणि शेवटचा बाइट शून्यासाठी राखलाय. पुण्याचं शिरूर त्यात नेमकं बसतं. पण बीडचं शिरूर कासार आणि लातूरचं शिरूर अनंतपाळ हेही १५ बाइटला कापले जाऊन ‘शिरूर’च उरतात! एरर नाही, वॉर्निंग नाही. तीन जिल्ह्यांतले तीन तालुके एका नावावर जमा, आणि तुमच्या प्रबंधातला पुढचा प्रत्येक तक्ता चुकीचा. त्यापेक्षा प्रोग्राम क्रॅश झालेला परवडला. रोमन लिपीत मात्र ही तिन्ही नावं १५ बाइटांत मावतात, म्हणून चाचणी आरामात पास होते.

बहुतेक ट्यूटोरियल दुसरी पद्धत शिकवतात: पॉइंटरांची यादी. सीटाइप्समध्ये हे दोन ओळींत जमतं, कापाकापीही नाही. माझा आक्षेप पद्धतीवर कमी आणि ट्यूटोरियल तिथेच थांबतात यावर जास्त आहे. ती मेमरी पायथॉनची असते. कॉल संपल्यावरही लायब्ररीने पत्ते जपून ठेवले आणि इकडे पायथॉनने अ‍ॅरे मोडीत काढला, तर त्या पत्त्यावर कोण राहतंय हे सांगता येत नाही. शिवाय एखादं नाव गहाळ असेल तर? आर भाषेचा डॉट-सी गहाळ नाव ‘एनए’ असा मजकूर करून पाठवतो. सीला ते गावाचंच नाव वाटणार. डॉट-फोर्ट्रान तर यादीतली पहिलीच स्ट्रिंग पाठवतो. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण वाचतो कोण?

न लिहिलेला करार खपतो, पण कायमचा नाही. फोर्ट्रानचे कंपायलर स्ट्रिंगची लांबी सहसा एका छुप्या आर्ग्युमेंटमधून पाठवतात. सीमधून लॅपॅक वापरणारा कितीतरी कोड, आरचासुद्धा, स्ट्रिंग एकाच अक्षराची म्हणून ती लांबी द्यायचाच नाही. अनेक वर्षं चालून गेलं. २०१९ मध्ये नव्या जीफोर्ट्रानच्या ऑप्टिमायझेशनपुढे हा समज टिकला नाही, आणि आरच्या मंडळींना दुरुस्ती करावी लागली.

मला त्यातल्या त्यात पटते ती अपाची अ‍ॅरोची मांडणी. सगळी नावं एकाच पट्टीत सलग, आणि शेजारी हद्दीचे आकडे. यवत, दौंड, शिरूर यांच्यासाठी ते ०, ९, २१, ३६. गहाळ नावांची नोंद वेगळ्या बिटांत, त्यामुळे ‘रिकामं’ आणि ‘गहाळ’ यांची गल्लत होत नाही. तोटेही आहेत. नावाच्या शेवटी शून्य बाइट नसतो, म्हणून जुन्या सी लायब्ररीला देताना कॉपी करावीच लागते. नेहमीच्या प्रकारात हद्दीचे आकडे ३२ बिटांचे असल्याने एका अ‍ॅरेत साधारण २ जीबीच मजकूर मावतो. पण इथे लांबी कुणी गृहीत धरत नाही, ती लिहिलेली असते. हाच खरा फरक.

म्हणून कोड लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा. नावं किती? प्रत्येकाची लांबी कशी कळणार? एन्कोडिंग कोणतं? मेमरी कोणाची, आणि ती मोकळी कोण करणार? लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये यातलं एक जरी उत्तर सापडलं नाही, तर आधी ते शोधा, मगच डेटा पाठवा. आणि चाचणी ‘एबीसी’वर नको, शिरूर अनंतपाळवर करा.