रॉबर्ट जॉन्सनची ब्लूज-तबकडी आणि भीमगीत : पुनरावृत्तीचा विचार

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांचा तौलनिक विचार मराठवाड्याला नवा नाही. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तो आग्रहाने मांडला आणि जनार्दन वाघमारे यांनी त्यास ग्रंथरूप दिले. परंतु तो मुख्यतः लिखित वाङ्मयापुरता राहिला. गीतांची तुलना करताना ‘दोहोंकडे वेदना आहे’ एवढे म्हणून समीक्षा थांबते. वेदना समान असली तरी गीताची घडण समान असतेच असे नाही, आणि गीताचा अर्थ त्या घडणीत असतो.

‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही १९६१ ची तबकडी या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. मिसिसिपीत जन्मलेल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ व १९३७ मध्ये डॅलस येथे २९ गाणी मुद्रित केली. १९३८ मध्ये त्याचे निधन झाले. त्यांपैकी १६ गाणी या तबकडीत आहेत. त्यांचा क्रम अर्थातच संपादकांचा आहे. पहिल्याच ‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये चौरस्त्यावर उभा असलेला, मावळत्या सूर्याने धास्तावलेला, कोणाच्याही ओळखीचा नसलेला माणूस आहे. तो ईश्वराची करुणा भाकतो. सैतानाशी झालेल्या सौद्याची प्रसिद्ध आख्यायिका या गीतात नाही. तिच्यामुळे उलट त्यातील ऐहिक भय झाकले गेले.

ब्लूजमध्ये ओळ गायिली जाते, तीच पुन्हा गायिली जाते, आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. जॉन्सन हे सारे एकटाच करतो. दोन ओळींमधील मोकळी जागा त्याचे गिटार भरून काढते. साथीला कोणी नसल्यामुळे मात्रांचा हिशेबही तो मनास येईल तसा कमीअधिक करतो.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील भीमगीतातही पुनरावृत्ती आहे. पण तेथे ध्रुवपद उचलणारा कोरस असतो आणि ढोलकीचा ठेका त्यास बांधून ठेवतो. एकाने म्हटलेले अनेकांनी मान्य केले, हा त्या पुनरावृत्तीचा अर्थ होय. जॉन्सनच्या पुनरावृत्तीत ती मान्यता ऐकू येत नाही.

यावरून ब्लूज एकाकी व भीमगीत सामुदायिक असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. दक्षिणेकडील नृत्यगृहांत ब्लूज गायिले जाई तेव्हा श्रोते साद देतच असत. ध्वनिमुद्रणात ते श्रोते वगळले गेले. तीन मिनिटांच्या तबकडीत गायक तेवढा उरला. त्याचे एकाकीपण अंशतः यंत्राने निर्माण केलेले आहे. उलटपक्षी, मुकुंदवाडीसारख्या वस्तीत १४ एप्रिलला ध्वनिक्षेपकावरून मुद्रित भीमगीत लागते तेव्हा ध्रुवपद जमावाच्या तोंडी येते आणि यंत्रात गेलेले गीत पुन्हा समुदायाचे होते.

म्हणून तौलनिक अभ्यासाने प्रथम विचारावे, ते हे : दुसऱ्यांदा ती ओळ कोण म्हणतो? वेदनेच्या साम्याचा विचार त्यानंतरचा.