उपलब्ध, म्हणजे येणार

समीक्षा करण्याचा मला अधिकार नाही, मी बी. कॉम. आहे. पण परवा साहेबांमागे फाईल धरून वळला, भिवंडीच्या गोदामांत, स्टॉक तपासायला गेलो आणि तिथलं नियोजनाचं सॉफ्टवेअर वाचण्याचा योग आला. काय ती शब्दकळा! आरंभीच 'एमआरपी'. मी आपला छापील किंमत शोधतोय. गोदामबाबू म्हणाले, "ती नव्हे हो, ही मालाच्या गरजेच्या नियोजनाची." जोसेफ ऑर्लिकीने १९७५ साली या एमआरपीवर अख्खं पुस्तक लिहिलं, आमच्या बिस्किटपुड्याची त्याला कल्पना नसावी.

तेही चालेल. पण 'उपलब्ध' ४०० खोकी, आणि मोजली तर १५०!

"बाकीची?"

"येतायत. ऑर्डर गेलीय ना!"

आमच्याकडे भरलेला चेक वटल्याशिवाय शिल्लक उपलब्ध होत नाही. इथे पुढच्या आठवड्याचा ट्रक आजच रिकामा झालेला! मालकाने कॅश क्रेडिटची उचल ४००वर मागितलेली. लबाडी नव्हती, छापून आलं ते दिलं. साहेबांनी १५० केले. शनिवारी हमालांची मजुरी द्यायची होती, मालकाकडे बघवेना.

"रकान्याला 'येणार' म्हणा की," मी बाबूंना सुचवलं.

"नावं वरून येतात," ते म्हणाले, "आम्ही फक्त आकडे भरतो."