तोफ वाजवून घेतली होती का?

मराठी ऐतिहासिक कादंबरीत तोफा धडाडतात, बुरुजावर चढवल्या जातात, चिखलात रुततात, ऐन वेळी थंड पडतात. विकत घेतल्या जाताना मात्र त्या फारशा दिसत नाहीत. मी वाचलेल्या कादंबऱ्यांपुरतं बोलतो आहे, पण या प्रकारातलं मी बरंच वाचलं आहे. घोड्याची पारख त्यात पानभर चालते, तलवारीच्या पात्यावर बोट फिरवून झालेलं असतं, शालूचा पोतसुद्धा सांगितलेला असतो. तोफेचा भाव कुणी केला, रक्कम रोख दिली की सुपारी-मिरीत फेडली, बरोबर आलेला गोळा तिच्या तोंडात बसतो की नाही हे कुणी पाहिलं, याबद्दल चकार शब्द नसतो. मग दोनेकशे पानांनंतर ती तोफ फुटते आणि लेखक एका ओळीत निकाल देऊन मोकळा होतो: टोपीकरांनी भंगार गळ्यात मारलं.

हा निकाल कादंबऱ्यांनी शोधलेला नाही. युरोपीय वखारवाले मराठ्यांना जुन्या, मोडीत काढायच्या तोफा विकत, हा सूर आपल्या इतिहासलेखनात जुना आहे आणि व्याख्यानमालांमधून तो आणखी चढ्या आवाजात ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. शेजारच्या सत्तेला आपली चांगली तोफ कोण देईल? माझी तक्रार त्या गोष्टीच्या सांगण्याबद्दल आहे. तिच्यात विकणारा असतो, तो लबाड. वस्तू असते, ती भिकार. विकत घेणारा मात्र क्रियापदाच्या आड लपलेला असतो; त्याच्या गळ्यात ‘मारलं जातं’. पश्चात्तापाच्या गोष्टीत पश्चात्ताप करणारा माणूसच नाही, असा हा चमत्कारिक वाङ्मयप्रकार आहे.

मी हे अंबरनाथमध्ये बसून लिहितो आहे, आणि ते अगदीच अप्रस्तुत नाही. कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल ज्या तीन गावांतून जाते ती तिन्ही या विषयाशी कुठे ना कुठे चिकटलेली आहेत. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये आणून बसवलं, १९४९मध्ये नाव बदललं, तरी आम्ही अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ असंच म्हणतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, काडतुसांच्या पितळी कवचांसाठी ओळखली जाणारी, आणि तिच्या शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. बदलापूरचं नाव घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून पडलं, असं इकडे सांगतात. २०१५च्या हिंदी सिनेमाने त्या नावातला सूड तेवढा उचलला. मूळ गोष्ट साधी अदलाबदलीची होती: दमलेला घोडा द्यायचा, ताजा घ्यायचा, आणि घेताना त्याचे खूर बघायचे.

कॅम्पातल्या बाजाराबद्दलचा जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. बाहेरचे लोक तो हिणवण्यासाठी सांगतात. इथले लोक थोड्या अभिमानानेच सांगतात, कारण हातात काही नसताना बराकीत भट्टी लावून, शिलाई मशीन मांडून उभ्या राहिलेल्या गावाची ती खूण आहे. मला त्या विनोदातलं गिऱ्हाईक महत्त्वाचं वाटतं. गजानन मार्केटात किंवा जपानी बाजारात जाणारी बाई लेबल वाचत नाही. ती कापड दोन बोटांत चोळते, शिवण उलटी करून बघते, दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करते. घरी आल्यावर रंग गेला तर ती दुकानदाराला शिव्या घालेल, पण त्याआधी स्वतःच्या डोळ्यांना घालेल. मडकं वाजवून घ्यावं, ही आपल्याकडची साधी रीत. आपल्या लेखकांनी तोफेपुरती ती सोडून दिली.

शस्त्राच्या फसलेल्या सौद्याची या किनाऱ्यावरची सर्वांत तपशीलवार हकीकत आपल्याकडे आहे, आणि गंमत म्हणजे ती विकणाऱ्याच्या पश्चात्तापाची आहे. १६६०मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपली माणसं, उखळी तोफ आणि स्फोटक गोळे घेऊन तिथे गेला. माल खपवायचा होता आणि तो चालतो हे दाखवायचंही होतं. सिद्दी जौहरने विकणाऱ्यालाच गोळे डागायला लावले. म्हणजे या सगळ्या कथेत माल वाजवून घेणारा माणूस आहे तो हा. त्या गोळ्यांनी पन्हाळा पडला नाही, महाराज विशाळगडाकडे निसटले. पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि इंग्रज कैदेत पडले. त्यांनी सुटकेसाठी सुरतेला तगादा लावला, तेव्हा वरिष्ठांनी जे कळवलं त्याचा आशय असा: तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, इंग्रजांचं म्हणून ओळखलं जाणारं निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे फेकायला गेलात म्हणून आत आहात. कोरड्या, तिरकस, हिशेबी गद्याचा हा उत्तम नमुना आहे. त्यात ना शौर्य आहे, ना दगा. सौदा कुणी केला, कशासाठी केला आणि तो अंगाशी कुणाच्या आला, एवढंच आहे.

त्या लुटीच्या भरपाईचा वाद तेरा वर्षं चालला. मधल्या काळात महाराजांना जंजिऱ्याविरुद्ध वापरायला उखळी तोफा आणि गोळे हवे होते आणि इंग्रजांना राजापूरचे पैसे. दोघांनीही एकमेकांना झुलवत ठेवलं. १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हा तोडगा निघाला. ग्रँट डफने दिलेला हिशेब मला फार आवडतो. भरपाई १०,००० होनांची. पण रोख नाही. इंग्रजांनी तीन वर्षं दर साल ५,००० होनांचा माल घ्यायचा आणि निम्मीच किंमत द्यायची, म्हणजे ७,५०० वळते झाले. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीच्या माफीतून. हा हिशेब मांडणारा राजा कुणी काही गळ्यात मारून घेणारा वाटतो का? दरम्यान त्याने सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि शिसं गुपचूप विकत घेतल्याचं डफनेच नोंदवलं आहे. त्या ८० तोफा कशा निघाल्या याची गोष्ट कुणीतरी लिहायला हवी होती. आपल्याला आग्र्याची पेटारे आणि अफझलखानाचा शामियाना पुन्हा पुन्हा लिहायचा असतो.

विकत घेतलेल्या माणसांचा सौदा तर आमच्या दारातला आहे. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी खाली येत कल्याणच्या खाडीला मिळते. तिथे १६५९च्या सुमारास महाराजांची गलबतं बांधली जात होती आणि कामावर रुई लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आपल्या कारागिरांच्या मोठ्या ताफ्यासह होता. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील हे वसईच्या पोर्तुगीजांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आतून सूत्रं हलवली आणि सगळा ताफा काम टाकून पळाला. इथेही ‘फिरंग्यांनी दगा दिला’ असं वाक्य तयार असतंच. पण आरमार थांबलं नाही. हाताखाली काम करणाऱ्या इथल्या माणसांनी जेवढं बघून ठेवलं होतं त्यावर ते पुढे गेलं, असंच मानावं लागतं.

आज्ञापत्र मी या प्रश्नासाठी पुन्हा वाचलं. १७१५च्या सुमाराचा, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ शाळेत आपल्याला राजनीतीचा म्हणून शिकवतात, त्यामुळे तो किती घरगुती आहे हे लक्षात येत नाही. टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांचं बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, त्यांना किनाऱ्यावर ठाण्याला जागा देऊ नये, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. पण कुठेही गळा काढलेला नाही. त्याच ग्रंथात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे लिहिलं आहे ते लोणच्याच्या बरण्या सांभाळणाऱ्या माणसाने लिहावं तसं आहे: दारू घरांपासून लांब ठेवा, ओल लागू देऊ नका, ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढावी, वाळवावी, पुन्हा बंद करून ठेवावी. अमात्यांना ठाऊक होतं की शस्त्राचा सौदा पैसे मोजल्यावर संपत नाही, तो प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा होतो. तोफेबद्दलचं मराठीतलं सर्वांत चांगलं लेखन मला हे वाटतं, आणि त्यात एकही तोफ उडत नाही.

लबाड विक्रेत्याची गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस तर उघडीच पडते. महादजी शिंद्यांनी द बॉयनला चाकरीत घेतलं, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ला असईच्या लढाईत शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या आणि आर्थर वेलस्लीने त्यांची वाखाणणी केली. तोफ चांगली होती. तोफेमागचे युरोपीय अधिकारी मात्र इंग्रजांनी पैशाची हमी देताच शिंद्यांना सोडून गेले होते. म्हणजे वस्तूची परीक्षा झाली होती. करारात माणसाची बाजू कच्ची राहिली. पानिपतावर शेजवलकरांच्या तोलाचं लेखन झालं आणि विश्वास पाटलांची कादंबरी घराघरांत गेली, हे योग्यच आहे. असईच्या वाट्याला त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं काही आलं नाही. याचं एक कारण मला असं दिसतं की पानिपतात रडता येतं. असईत कागदपत्रं काढून बसावं लागतं.

आणि हे सगळं जुन्या काळाचं म्हणून सोडून देता येत नाही, कारण गोष्ट सांगण्याची ही पद्धत आपण तशीच पुढे चालवली. २४ मार्च १९८६ला बोफोर्सचा करार झाला, ४१० तोफा, सुमारे १,४३७ कोटी रुपये. १९८७च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि ‘बोफोर्स’ हा शब्द मराठीत शिवीसारखा स्थिरावला. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण आम्ही तोफ आणि दलाली यांत फरक करायचं विसरलो, तो १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर त्याच तोफांनी मारा केला तेव्हा आठवला. तोवर पश्चात्तापाने आपलं काम केलं होतं. सही करायचीच भीती. नवीकोरी १५५ मिलिमीटरची हॉवित्झर घ्यायचा करार व्हायला २०१६चा नोव्हेंबर उजाडला, म्हणजे तीस वर्षं. त्याहून चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. बोफोर्सच्या करारात तंत्रज्ञानाचे कागद आणि आराखडेही मिळाले होते. ते वर्षानुवर्षं पडून राहिले. जबलपूरला ‘धनुष’ तोफ घडली ती पुढे त्यांच्याच आधारे. विकत घेतलेला ताजा घोडा तबेल्यात बांधून ठेवून आम्ही घोडेवाल्याच्या नावाने तीस वर्षं बोटं मोडली.

आमच्या शेजारचे एक काका ऑर्डनन्समधून तपासणी विभागात निवृत्त झाले. त्यांच्याकडून मला ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज समजलं. मापाच्या दांडीचं एक टोक वस्तूत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. वस्तू कुठून आली, कुणी दिली, त्यावर काय छापलं आहे, याच्याशी गेजला काही घेणंदेणं नसतं. १ ऑक्टोबर २०२१पासून कारखान्यांचं सरकारी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या. एका कुंपणाजवळचे आमचे दोन कारखाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले, ऑर्डनन्स यंत्र इंडियाकडे आणि प्रोटोटाइप आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. आता ऑर्डर शोधायची, भाव द्यायचा, गिऱ्हाईक टिकवायचं. आमचं गाव रीतसर विक्रेत्याच्या बाजूला गेलं आहे, तेव्हा टोपीकरांच्या भंगाराची ती जुनी गोष्ट इथल्या पोरांना कशी सांगायची हाही प्रश्नच आहे.

२०१७मध्ये धनुष तोफेच्या बेअरिंगचं प्रकरण बाहेर आलं. जर्मन बनावटीची म्हणून पुरवलेली बेअरिंग चिनी असल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला. पेपरांतून, चॅनेलवर पुन्हा तेच सुरू झालं: चीन, कट, गद्दारी. मी ती बातमी काकांना वाचून दाखवली. त्यांनी पुरवठादाराचं नाव विचारलं नाही, चीनबद्दलही बोलले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, “अरे, ते सगळं राहू दे. माल आत आला तेव्हा तपासणीच्या कागदावर सही कुणाची होती, ते लिहिलंय का बघ.”

मी बातमी शेवटपर्यंत वाचली. ते लिहिलेलं नव्हतं.