फोटोखालची ओळ

शाळा सोडून जाणाऱ्या मुलाला एका ओळीत बसवायचे, आणि ती ओळही स्वतः न लिहिता एखाद्या थोर कवीकडून उसनी आणायची, हा खेळ बऱ्याच देशांत चालतो. त्याचा मोठा छापील साठा अमेरिकेत आहे. तिथल्या हायस्कुलांतून बाहेर पडणाऱ्या वर्गाचे ‘इयरबुक’ निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ब्लॉकमुळे फोटो छापणे स्वस्त झाले आणि ही प्रथा फोफावली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या अंकांत फोटो, नाव, टोपणनाव, नाट्यमंडळ-क्रीडामंडळ यांची यादी आणि शेवटी शेक्सपिअर, गोल्डस्मिथ किंवा बायरनची एक ओळ असा थाट असे. ती ओळ बहुधा विद्यार्थी स्वतः निवडत नसे. संपादक मंडळातले वर्गसोबती ती त्याच्या फोटोखाली बसवीत.

या निवडीकडे कोणी साहित्यव्यवहार म्हणून पाहत नाही. पोरखेळ म्हणून सोडून देतात. आम्हांला मात्र तिच्यात वाचनाची एक पद्धत दिसते, आणि ती तपासावी असे वाटते.

अबोल, सौम्य स्वभावाच्या मुलीसाठी या इयरबुकांत वर्षानुवर्षे हमखास येणारी ओळ ‘किंग लिअर’मधली आहे. स्त्रीच्या मवाळ आवाजाची तारीफ करणारी. ती कोण कधी बोलतो? नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात म्हातारा लिअर, कॉर्डेलियाचे प्रेत हातांत घेऊन. मुलगी काही बोलते आहे का म्हणून तो कान लावतो, काहीच ऐकू येत नाही, तेव्हा तो तिच्या आवाजाची आठवण काढतो. आणि हीच कॉर्डेलिया पहिल्या प्रवेशात भर दरबारात बापाची खोटी स्तुती करायला नकार देते, हेही विसरायचे. ते धैर्य फोटोखाली येत नाही, आवाजाचा मवाळपणा तेवढा येतो.

हा एकच योगायोग असता तर आम्ही लिहायला बसलो नसतो. लाजाळू मुलीसाठी दुसरी आवडती निवड म्हणजे वर्डस्वर्थची ल्यूसी, आडवाटेला दडलेल्या फुलाशी तुलना झालेली. ‘लिरिकल बॅलड्स’च्या 1800 च्या आवृत्तीत आलेल्या त्या कवितेच्या शेवटी ल्यूसी कबरीत आहे. कोणाच्या नजरेस न पडता फुलणारे तिसरे फूल थॉमस ग्रेच्या 1751 च्या विलापिकेतले, म्हणजे थेट कब्रस्तानातले. सर्वांच्या लाडक्या विद्यार्थ्याला दिली जाणारी फिट्झ-ग्रीन हॅलेकची ओळ त्याने आपला मित्र जोसेफ रॉडमन ड्रेक 1820 मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला तेव्हा लिहिलेल्या कवितेतली. सुंदर मुलीसाठी बायरनची जी कविता काढतात, तिचे निमित्त ठरलेली बाई जिवंत होती खरी, पण 1814 मध्ये बायरनने तिला पाहिले ते सुतकाच्या काळ्या पोशाखात. सतरा-अठरा वर्षांच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली मर्सिये छापले गेले, आणि ते कोणाला खटकले नाही.

मुलांच्या वाट्याला थोडी विविधता येते. सरळमार्गी मुलाला अँटनीने ब्रूटसविषयी काढलेले गौरवोद्गार मिळतात. तेही ब्रूटस मेल्यावर, शत्रूच्या तोंडून आलेले. किडकिडीत, पुस्तकी मुलाला कॅसियसचे वर्णन मिळते. सीझर त्यात तारीफ करत नाही, असली माणसे धोकादायक असतात असे बजावतो. हुशार मुलाला गोल्डस्मिथच्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’मधला मास्तर मिळतो, ज्याच्या डोक्यात एवढे मावते कसे याचे खेडुतांना आश्चर्य वाटते. ही थट्टा प्रेमळ आहे, ती चालते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला चॉसरचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी देतात, ही तर आमच्या मते फारच नेमकी निवड. तो मनुष्य जिवंत आहे, प्रवासाला निघाला आहे, आणि शिकणे-शिकवणे हाच त्याचा आनंद आहे.

पोलोनियसचा उपदेश वगळून हा विषय पुरा होत नाही. परगावी निघालेल्या मुलाला बापाने स्वतःशी प्रामाणिक राहायला सांगणे, हे निरोपाच्या पानावर शोभून दिसते. पण पुढच्याच अंकात हा बाप त्या मुलावर पाळत ठेवायला पॅरिसला माणूस पाठवतो. शेक्सपिअरला बाप कळला होता. इयरबुकाला फक्त त्याचे वाक्य कळले.

असे का होते? मुले नाटके वाचत नव्हती असे नाही. ‘ज्युलिअस सीझर’ तर अमेरिकन शाळांत अभ्यासाला असेच. पण निवडीच्या वेळी हाताशी येई ते अवतरणांचे पुस्तक. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या जॉन बार्टलेट या पुस्तकविक्रेत्याने 1855 मध्ये असा संग्रह काढला आणि त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. मागच्या शब्दसूचीत ‘आवाज’ किंवा ‘फूल’ शोधायचे, ओळ उतरवायची. सूचीत प्रेत नसते. आधी मुलीचा स्वभाव एका शब्दावर आणायचा, मग त्या शब्दावरून कविता शोधायची. माणूस आणि कविता दोघांनाही अर्धेच वाचायचे, अशी ही रीत आहे.

उलट उदाहरणही आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे 1917 मध्ये इलिनॉयमधल्या ओक पार्कच्या हायस्कुलातून बाहेर पडला. त्याच्या फोटोखाली कोणा महाकवीची ओळ नाही. अर्नीइतका हुशार दुसरा सापडायचा नाही, अशा अर्थाचे साधे वाक्य आहे. साहित्य म्हणून त्याला किंमत शून्य. पण त्यात ‘अर्नी’ आहे, ते वाक्य दुसऱ्या कोणाला चिकटवता येत नाही. पुढे विद्यार्थी आपली ओळ आपणच निवडू लागले, गाणी आली, सिनेमा आला. दर्जा घसरला अशी ओरड होते. आम्हांला ती पटत नाही. स्वतः निवडलेली फालतू ओळ निदान त्या मुलाविषयी काही खरे सांगते.

आपल्याकडे हेच काम शेलापागोटे करतात. मानाच्या वस्त्रांचे नाव टवाळीला मिळाले, इथेच त्यांचा स्वभाव कळतो. त्यांत बहुधा सिनेमाची गाणी चालतात आणि मुलींच्या वाट्याला काय येते ते सर्वांना ठाऊक आहे. उर्दू शाळांच्या अल्विदाई जलशात शेर दिला जातो. तिथे आमचे वरचे आक्षेप जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गझलेचा शेर सुटाच जन्मतो. मागचा-पुढचा शेर न सांगता तो म्हणता येतो, बैतबाजी त्यावरच चालते. नाटकातली ओळ काढताना जी मोडतोड होते, ती शेराची होत नाही.

पण नज़्मची होते. इक्बालचा शाहीन घ्या. मुलांच्या भवितव्याविषयी बोलताना हा ससाणा आलाच पाहिजे. ‘बाल-ए-जिब्रील’ (1935) मधल्या ‘शाहीन’ या नज़्ममध्ये तो स्वतःला पाखरांच्या दुनियेतला दरवेश म्हणवतो, घरटे बांधत नाही. जलशात त्याच शाहीनच्या नावाने मुलाला नोकरी, बंगला, गाडी यांची दुआ दिली जाते. फकिरी गाळून झेप ठेवली जाते.

आणि मुलींना काय द्यायचे? पारंपरिक गझलेतला महबूब व्याकरणाने पुल्लिंगी. त्या ओळींत मुलगी नावालाही नसते, म्हणून शिक्षक हया आणि अदब यांवरचा एखादा बेताचा शेर शोधून काढतात. म्हणजे पुन्हा मवाळ आवाजच. वास्तविक परवीन शाकिरचा ‘खुशबू’ 1976 मध्ये आला. त्यात मुलगी स्त्रीलिंगी क्रियापदांत स्वतः बोलते, हट्ट करते, दुखावते, उलट विचारते. ते पुस्तक उर्दू शिकवणाऱ्यांच्या घरी असते. मराठीत बहिणाबाई आणि इंदिरा संत पाठ्यपुस्तकांतच आहेत. जलशाच्या आदल्या रात्री चाळायला एवढी सामग्री पुरेशी आहे, मात्र कविता शेवटपर्यंत वाचावी लागेल आणि त्या मुलीशी दोन शब्द बोलावे लागतील.