शहाणा प्रेक्षक

सांगलीला अक्काकडं गेलो की मी साताऱ्याचा, हे दाजी विसरू देत नाहीत. 2020 साली 'देवमाणूस' मालिका लागली, की हाक यायची, "या पाव्हणं, तुमच्याकडचा डॉक्टर आला!"

वाईजवळच्या धोमचं ते प्रकरण 2016 साली उघडकीस आलं. 2003 पासूनच्या सहा खुनांचा आरोप एका डॉक्टरवर आला. त्यावरूनच ही मालिका सुचलेली.

किरण गायकवाडनं डॉक्टर झकास वठवला. सरू आजीच्या म्हणींना तर आम्ही पोट धरधरून हसलो. पण एक खटकलं. डॉक्टर बोगस आहे हे आपल्याला आधीच ठाऊक. त्यामुळं गाव खुळं दिसतं अन् आपण शहाणे. खऱ्या गावातली माणसं काय खुळी होती? नाडी धरणाऱ्याकडं संशयानं कोण बघतं? खरी भीती तिथं होती. मालिकेनं नेमकी तीच घालवली.

"कसली खुळी माणसं!" दाजी दंड चोळत म्हणाले. दंडाला कापूस चिकटलेला.

"सुई कुठं घेतली?"

"कोपऱ्यावरच्या नव्या डॉक्टरकडं. गुण येतो."

"डिग्री कसली आहे त्याची?"

दाजी माझ्याकडं बघतच राहिले. "असं कुणी विचारतं का?"