मानसशास्त्राचे संप्रदाय आणि समीक्षेची उसनवारी : पुराव्याचा प्रश्न

१
पदव्युत्तर वर्गांत मानसशास्त्रीय समीक्षा शिकविण्याची एक ठरीव रीत आहे. प्रारंभी मानसशास्त्राच्या संप्रदायांची यादी येते : रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, समष्टिवाद, मनोविश्लेषण. प्रत्येक संप्रदायाचा प्रवर्तक, त्याची एक-दोन सूत्रे व काही संज्ञा सांगितल्या जातात आणि त्यानंतर या संज्ञांचे साहित्यकृतींवर उपयोजन सुरू होते. एखाद्या नायकाच्या ठायी न्यूनगंड आढळतो, एखाद्या कवीच्या प्रतिमांमध्ये मातृगंड दिसतो, एखाद्या कादंबरीत संज्ञाप्रवाह वाहताना जाणवतो. प्रबंधांतही हीच वाट मळलेली आहे.

या रीतीत एक मूलभूत उणीव आहे. मानसशास्त्राचे संप्रदाय एकमेकांपासून वेगळे झाले ते केवळ मनाविषयीच्या कल्पनांमुळे नव्हे. मनाविषयीचे विधान कोणत्या पुराव्यावर स्वीकारावे, हा त्यांच्यातील वादाचा खरा मुद्दा होता. म्हणजे संप्रदायांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पद्धतीच्या वादाचा इतिहास आहे. समीक्षेने मात्र त्या इतिहासातून निष्कर्ष आणि संज्ञा तेवढ्या उचलल्या, आणि ज्या संशयातून त्या निर्माण झाल्या तो संशय मागे ठेवला. या उसनवारीची किंमत समीक्षेला कोठे मोजावी लागली आणि तिच्यापाशी स्वतःचे कोणते भांडवल आहे, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

२
प्रथम त्या यादीचाच विचार करावा लागेल. विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि आधुनिक मानसशास्त्राचा जन्म झाला, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रास्ताविक पाठ्यपुस्तकात सापडते. त्यापाठोपाठ वुंट हा अंतर्निरीक्षणवादी होता, त्याने मनाचे मूलघटक शोधले आणि त्याचा शिष्य टिचनर याने हाच विचार अमेरिकेत नेला, असे सांगितले जाते. या कथनाला स्थिर रूप देण्यात एडविन बोरिंग याच्या १९२९ मधील प्रायोगिक मानसशास्त्राच्या इतिहासाचा वाटा मोठा आहे. बोरिंग हा टिचनरचा विद्यार्थी होता आणि तो ग्रंथ त्याने टिचनरलाच अर्पण केलेला आहे. साहजिकच या इतिहासातील वुंट टिचनरच्या चष्म्यातून पाहिलेला आहे.

१९७५ मध्ये आर्थर ब्लूमेंथल याने आणि पुढे कुर्ट डॅन्झिगर याने, विशेषतः १९९० च्या ग्रंथात, या चित्राची कसून फेरतपासणी केली. वुंटच्या प्रयोगशाळेतील अंतर्निरीक्षण अत्यंत मर्यादित होते. उद्दीपक नियंत्रित असावा, निरीक्षण तत्काळ व्हावे आणि ते पुन्हा करता यावे, अशा त्याच्या अटी होत्या. उच्च मानसिक प्रक्रियांना प्रयोग लागू पडत नाही, त्यांचा अभ्यास भाषा, मिथक आणि रूढी यांच्याद्वारेच करावा लागेल, असे त्याचे मत होते. त्यासाठी १९०० ते १९२० या काळात त्याने लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले. भाषा आणि मिथक यांचा विचार करणारा हा वुंट साहित्याच्या अभ्यासकाला खरे तर अधिक जवळचा. परंतु पाठ्यपुस्तकी यादीतून तोच गळाला, आणि यादी जशीच्या तशी स्वीकारणाऱ्या समीक्षेलाही तो भेटला नाही. संप्रदायांचा क्रम हीसुद्धा एक संहिता आहे, तिला निवेदक आहे आणि निवेदकाला पक्ष आहे. संहितांचे वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या हे सहज लक्षात यावयास हवे होते.

३
पद्धतीचा वाद किती निर्णायक होता हे प्रतिमाविरहित विचाराच्या प्रकरणातून स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्युर्त्सबुर्ग येथे ओस्वाल्ड क्युल्पे याच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. निर्णय घेताना मनात काय घडते, असे विचारले असता प्रयोगातील व्यक्तींनी सांगितले की अनेकदा कोणतीही प्रतिमा वा संवेदना न जाणवता निर्णय सिद्ध होतो. कॉर्नेल येथे टिचनरच्या तालमीत तयार झालेल्या निरीक्षकांना मात्र प्रत्येक विचाराच्या तळाशी संवेदना आणि प्रतिमाच आढळल्या. आता निवाडा कोणी करावयाचा? दोन्ही पक्षांचा साक्षीदार एकच, तो म्हणजे निरीक्षकाचे स्वतःचे मन. त्यामुळे प्रतिपक्षाचा निरीक्षक पुरेसा प्रशिक्षित नाही, हेच अखेरचे उत्तर उरले. १९१३ मध्ये जॉन वॉटसन याने वर्तनवादाची घोषणा केली ती या कोंडीच्या पार्श्वभूमीवर. त्याचा उपाय अतिरेकी होता, कारण त्याने साक्षीदाराबरोबर मनालाही न्यायालयाबाहेर काढले. पण त्याचे निदान चुकीचे नव्हते.

भारतीय साहित्यविचाराच्या अभ्यासकाला ही कोंडी परिचित वाटावी. रसास्वादाचा अधिकारी सहृदय, ही कल्पना सैद्धांतिक दृष्टीने समृद्ध आहे. परंतु दोन सहृदयांचा अनुभव भिन्न असेल तर काय, या प्रश्नावर चर्चा वारंवार त्याच वळणाने जाते : ज्याला अमुक रस जाणवला नाही तो सहृदय नव्हेच. कॉर्नेलचा ‘अप्रशिक्षित निरीक्षक’ आणि आस्वादचर्चेतील ‘असहृदय वाचक’ एकाच आडाख्याचे बळी आहेत. सिद्धांताला प्रतिकूल ठरणारा साक्षीदार अपात्र ठरविला की सिद्धांत अबाधित राहतो. मात्र त्याच वेळी तो तपासण्यापलीकडेही जातो.

संज्ञाप्रवाहाची गोष्टही येथे ध्यानात घ्यावयास हवी. विल्यम जेम्स याने १८९० च्या ग्रंथात विचाराचे वर्णन प्रवाह या रूपकाने केले आणि १९१८ मध्ये मे सिंक्लेअर हिने डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना हे रूपक साहित्यात आणले. जेम्सपाशी ते रूपक अंतर्निरीक्षणातून आलेले होते, आणि वाहता विचार पकडू पाहणारे निरीक्षण त्याचे वाहणेच थांबविते याची जाणीव त्याला होती. समीक्षेत आल्यावर ही जाणीव पुसट झाली. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीची चर्चा संज्ञाप्रवाहाच्या अंगाने होते ते योग्यच आहे. परंतु मन असेच वाहते, म्हणून ही शैली वास्तव, असा युक्तिवाद केला जातो तेव्हा एका रूपकाने दुसऱ्या रूपकाला प्रमाणपत्र दिलेले असते. संज्ञाप्रवाह हा मनाचा आलेख आहे की गद्याची एक रचनापद्धती आहे, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

४
मनोविश्लेषणाच्या संदर्भात पुराव्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण समीक्षेवर सर्वाधिक प्रभाव त्याचाच आहे. फ्रॉइडचा लिओनार्दो दा विंचीवरील १९१० मधील निबंध येथे उद्‌बोधक ठरतो. लिओनार्दोने आपल्या टिपणांत बालपणीची एक आठवण नोंदविली आहे : तो पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्याने आपल्या शेपटीने त्याचे तोंड उघडले. फ्रॉइडने वापरलेल्या जर्मन भाषांतरात हा पक्षी गिधाड होता. त्यावरून तो प्राचीन ईजिप्तमधील गिधाडमुखी मातृदेवतेकडे गेला, तेथून पित्याविना आईच्या सहवासात गेलेल्या बालपणाकडे आणि तेथून कलावंताच्या कामजीवनाकडे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र घार असा आहे. १९२३ मध्ये एरिक मॅक्लॅगन याने ही चूक दाखवून दिली आणि गिधाडावर उभारलेला पुराव्याचा मोठा भाग ढासळला.

या उदाहरणातून फ्रॉइडला निकालात काढणे सोपे आहे, पण ते फारसे फलदायी नाही. अधिक महत्त्वाची बाब ही की, हे विवेचन कोणत्याही प्रयोगशाळेने खोडले नाही. ते खोडले एका शब्दाच्या अर्थनिश्चितीने, म्हणजे साहित्याभ्यासाच्या सर्वांत जुन्या आणि आज काहीशा उपेक्षित अशा शिस्तीने. मानसशास्त्रात प्रयोग जे कार्य करतो ते समीक्षेत पाठचिकित्सा आणि शब्दार्थविचार करू शकतात. सिद्धांताला नकार देण्याचा अधिकार संहितेला आहे. अट इतकीच की समीक्षकाने संहितेला तो अधिकार वापरू द्यावा.

५
उसनवारीचे दोन प्रकार एकाच समीक्षकाच्या ठायी पाहावयाचे असतील तर आय. ए. रिचर्ड्स याच्याकडे वळावे लागते. १९२४ च्या ग्रंथात त्याने काव्याचे मूल्य प्रेरणांच्या संतुलनात पाहिले. ही भाषा मानसशास्त्राची होती, परंतु प्रेरणा मोजण्याचे वा त्यांचे संतुलन दाखविण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. १९२९ च्या ग्रंथात त्याने वेगळाच मार्ग घेतला. केंब्रिजमधील श्रोत्यांना त्याने कवीचे नाव न देता कविता दिल्या, त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले आणि तेरा कवितांवरील त्या अभिप्रायांचे विश्लेषण केले. येथे त्याने मानसशास्त्राचा निष्कर्ष घेतला नाही, त्याची सवय घेतली : आधी साक्ष गोळा करावी, मग बोलावे. सुशिक्षित वाचकही कवितेचा साधा वाच्यार्थ चुकवितात, ठरीव प्रतिसाद देतात आणि पूर्वग्रहांना अभिरुची समजतात, हे त्यातून उघड झाले. प्रेरणांच्या संतुलनाचा सिद्धांत आज इतिहासजमा झाला आहे, तर अभिप्रायांचा हा प्रयोग आजही अध्यापनाला दिशा देतो.

त्याच केंब्रिजमध्ये फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ मध्ये स्मृतीविषयीचे आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. त्यापूर्वी एबिंगहाउस याने १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून स्मृतीचे मापन केले होते. अर्थाचा अडसर दूर व्हावा हा त्यामागील हेतू. बार्टलेटने उलट वाट धरली आणि उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती कालांतराने पुनःपुन्हा सांगावयास लावली. सांगताना कथा आखूड झाली, अपरिचित तपशील गळाले वा परिचित झाले, अतर्क्य दुव्यांना कारणे चिकटली. आठवणे म्हणजे पुनर्रचना करणे, हा त्याचा निष्कर्ष कथनशास्त्राला आणि मौखिक परंपरेच्या अभ्यासाला अत्यंत उपयुक्त आहे. तरीही मानसशास्त्रीय समीक्षेच्या घटकात गंडांना जितकी जागा मिळते तितकी बार्टलेटला क्वचितच मिळते.

वाचकाच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक साहित्यविषयक प्रयोग आहे. जॉन अपडाइकच्या कादंबरीतील, आईच्या हातून तान्हे मूल बुडते तो उतारा वाचकांना देण्यात आला. काही प्रतींमधून विशिष्ट वर्णने वगळलेली होती. ती वर्णने असल्या-नसल्याने परिणामात फरक पडला नाही, पण ज्यांनी ती वाचली त्यांनी आपल्यावर त्यांचा परिणाम झाल्याचे सांगितले. वाचकाला भावना जाणवते हे खरे. ती कशामुळे जाणवली याविषयीचे त्याचे स्पष्टीकरण मात्र स्वतंत्रपणे तपासावे लागते. ‘या ओळीने वाचक हेलावतो’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक समीक्षकाने हे लक्षात ठेवावे.

६
मराठी विचारविश्वात या उसनवारीचा एक गंभीर प्रयत्न के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात दिसतो. रसव्यवस्था आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात पाहण्याची त्यांची आकांक्षा मोलाची होती. परंपरेला नव्या ज्ञानासमोर उभे करण्याचे धैर्य तिच्यात होते. परंतु अशा प्रयत्नांपुढील अडचणही ध्यानात घ्यावी लागते. विल्यम मॅक्डूगल याने १९०८ मध्ये मांडलेली सहजप्रवृत्ती आणि भावना यांची चौकट रसचर्चेला सोयीची होती, कारण स्थायीभावांच्या यादीशेजारी प्रवृत्तींची यादी ठेवता येत होती. मात्र प्रवृत्तींची ही कल्पना १९२० च्या सुमारासच मानसशास्त्रात वादग्रस्त ठरली होती. वर्तनाला प्रवृत्तीचे नाव दिल्याने त्याचे स्पष्टीकरण होत नाही, हा त्या वादातील मुख्य आक्षेप. उसन्या पायावर बांधलेल्या इमारतीचा धोका हाच : पाया मूळ मालकाने हलविला तरी वर राहणाऱ्याला ते उशिरा कळते.

हा धोका भूतकाळापुरता नाही. २०१३ मध्ये डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्तानो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की, साहित्यिक मूल्य असलेल्या कथात्म लेखनाचा छोटासा अंश वाचल्यानेही इतरांच्या मनोवस्था ओळखण्याची क्षमता वाढते. साहित्याच्या अध्यापकांना हा निष्कर्ष सुखावणारा होता आणि त्याचा पुष्कळ बोलबाला झाला. २०१६ मध्ये अन्य संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र तसा परिणाम आढळला नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील शंभर अभ्यासांची पुनरावृत्ती करणाऱ्या प्रकल्पातही मूळ निष्कर्षांना संख्याशास्त्रीय दुजोरा सुमारे ३६ टक्के प्रकरणांतच मिळाला होता. मानसशास्त्र अविश्वसनीय आहे, असा याचा अर्थ नव्हे. आपलेच निष्कर्ष पुन्हा तपासून चूक जाहीर करण्याची क्षमता हीच त्या शास्त्राची मिळकत आहे, आणि समीक्षेने नेमकी तीच उसनी घेतलेली नाही.

समीक्षेने प्रयोगशाळा व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. अपेक्षा आहे ती एका प्रश्नाची. कवीच्या, पात्राच्या वा वाचकाच्या मनाविषयी विधान करताना समीक्षकाने स्वतःला विचारावे : संहितेत काय आढळले तर हे विधान मागे घ्यावे लागेल? ज्या विधानाला या प्रश्नाचे उत्तर नाही ते कोणत्याही संप्रदायाच्या परिभाषेत मांडले तरी मत म्हणूनच उरते. ज्याला उत्तर आहे, त्याला मात्र परिभाषेची फारशी गरजही भासणार नाही. पदव्युत्तर वर्गात संप्रदायांची यादी शिकविण्यापूर्वी गिधाड आणि घार यांची ही कथा सांगितली गेली, तरी त्या घटकाचे निम्मे काम झालेले असेल.