पडद्यावर टांगलेला फळा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'दूरशिक्षण' हा शब्द घराघरांत पोचला. त्या काळाविषयी शिक्षकांशी बोलताना दोन तक्रारी आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतात. 'सगळ्या मुलांपर्यंत पोचता आले नाही' ही एक, आणि 'पोचलो, पण मुले शिकली नाहीत' ही दुसरी. पहिली समतेची, दुसरी परिणामकारकतेची. आधी सर्वांच्या हाती फोन येऊ द्या, शिकवण्याच्या पद्धतीचे मग बघू, असा सर्वसाधारण सूर असतो. ही फारकत आम्हाला मान्य नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: आपण वर्गातला फळा उचलला आणि जसाच्या तसा पडद्यावर टांगला.

पोचण्याचा हिशेब आधी पाहू. ग्रामीण भारतातल्या 'असर' २०२१ या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. गुणाकार केला तर फोन थोडा तरी हाती येणारी मुले निम्मीच उरतात. घरात फोन एक, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. संध्याकाळी आला तर दहावीतल्या भावाचा हक्क आधी, सातवीतल्या बहिणीचा नंतर. अशा घरातल्या मुलीला सकाळी दहाचा थेट तास ठेवणे म्हणजे तिची गैरहजेरी आपणच मांडून ठेवणे.

आता ज्यांच्यापर्यंत तास पोचला त्यांचे काय? चाळीस मिनिटे बोलणारे शिक्षक आणि आवाज बंद केलेली मुले. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाची चित्रफीत. काय दिसेल हे निवेदक आधीच सांगतो. मोजायचे, चुकायचे, पुन्हा करून बघायचे असे मुलांसाठी काही उरत नाही. म्हणजे सर्वांत महागडे आणि सर्वांत कमी मुलांपर्यंत जाणारे साधन आपण व्याख्यानासाठी खर्च केले.

याच्या तुलनेत मेक्सिकोतील 'टेलेसेकुंदारिया' ही योजना अभ्यासण्याजोगी आहे. १९६८ साली सुरू झालेली ही योजना सातवी ते नववीच्या, मुख्यतः खेड्यांतल्या मुलांसाठी आहे. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक देणे लहान गावात परवडत नाही, म्हणून एकच शिक्षक सगळे विषय सांभाळतो. मूळ रचनेत दूरदर्शनवरचा पाठ साधारण पंधरा मिनिटांचा असे. तासाचा उरलेला वेळ पुस्तक, चर्चा आणि कृती यांसाठी. ती निर्दोष नाही. तिच्या शाळांना साधने अपुरी मिळतात आणि परीक्षांतले गुण सर्वसाधारण माध्यमिक शाळांपेक्षा मागे राहतात. पण पडदा थोडा वेळ आणि माणूस जास्त वेळ, ही वाटणी घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे हे कसे जमेल? एक उदाहरण घेऊ. अंगणात सरळ काठी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवायचे. सर्वांत आखूड सावलीची नेमकी वेळ पकडणे अवघड जाते, म्हणून मध्यान्हाआधी आणि नंतर सारख्याच लांबीच्या सावल्या कधी पडल्या ते पाहून त्या वेळांचा मध्य काढायचा. हा तिथला स्थानिक मध्यान्ह. रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या मुलांनी हे एकाच दिवशी केले तर दोन्ही उत्तरांत सुमारे २३ मिनिटांचा फरक यायला हवा. कारण दोन्ही ठिकाणच्या रेखांशांत पावणेसहा अंशांहून थोडे जास्त अंतर आहे आणि दर अंशाला ४ मिनिटे पडतात. याला लागते काठी, दोरी आणि बरोबर लावलेले घड्याळ. आकडे साध्या फोनवरून किंवा चिठ्ठीनेही शिक्षकांकडे जातात. शिवाय दोन शाळा दूर असल्यामुळेच हा प्रयोग होतो. एका वर्गात बसून तो करताच येत नाही.

थेट तासामुळे मुलांना निदान शिक्षकांचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि त्या ओलाव्याचे मोल आम्ही कमी मानत नाही. पण चाळीस जणांच्या व्याख्यानापेक्षा चार-चार मुलांशी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे केलेल्या साध्या बोलण्यातून तो जास्त मिळतो. मुलाचे उत्तर कुठे अडले आहे, हेही त्यातूनच कळते.

अतिवृष्टीने, पुराने किंवा साथीने शाळा पुन्हा बंद पडतील. तेव्हा कोणते ॲप घ्यावे यावर बैठका भरतील. त्याआधी शाळेने आपल्या वर्गांची एक यादी करावी: कोणाच्या घरी फोन नाही, कोणाला तो मिळत नाही, त्या मुलाजवळ कोण राहते. पाठ आखायचा तो या यादीतल्या शेवटच्या मुलीसाठी. तिला जमेल तो पाठ बाकीच्यांनाही जमेल. उलट दिशेने आखलेला पाठ तिच्यापर्यंत पोचत नाही, हे आपण २०२० मध्ये पाहिले आहे.